डायल-अप बीबीएसला स्वतःचा चेहरा: सिंक्रोनेटवर करायची कामे, क्रमाने

बीबीएस म्हणजे बुलेटिन बोर्ड सिस्टिम: मोडेमवरून फोन लावून लोक ज्यावर संदेश, फाइली आणि खेळ वापरतात असा संगणक. तो चालवणारे सिंक्रोनेट हे सॉफ्टवेअर उतरवून घ्या, सेटअपच्या प्रश्नांची उत्तरे द्या, की थोड्याच वेळात बीबीएस उभा राहतो. पण तो इतर कुठल्याही ताज्या सिंक्रोनेटसारखाच असतो. तोच मेन्यू, तेच प्रश्न, निरोपाचे तेच वाक्य. नवे सिसॉप, म्हणजे बीबीएस चालवणारे, यावर एक मोठे रंगीत स्वागतचित्र लावतात आणि काम झाले असे समजतात.

मला हा क्रम उलटा वाटतो. स्वागतचित्र कॉलर, म्हणजे फोन लावून येणारा, एका भेटीत एकदाच पाहतो, पण 'पुढे जायला कळ दाबा' ही ओळ त्याच भेटीत कितीतरी वेळा त्याच्या डोळ्यांसमोरून जाते. बोर्डाचा स्वभाव असल्या ओळींतून कळतो. म्हणून इथे आधी लाइन, मग वेळेचा हिशेब, मग ही छोटी वाक्ये घेतली आहेत. चित्राची पाळी त्यानंतर येते.

उदाहरणासाठी सिंक्रोनेट निवडले, कारण रॉब स्विंडेल यांचे हे सॉफ्टवेअर आजही सांभाळले जाते, मुक्त आहे, विंडोज आणि लिनक्स दोन्हींवर चालते आणि त्यात जवळजवळ प्रत्येक अक्षर बदलता येते. मिस्टिक किंवा डॉसवरचे रेनेगेड वापरत असाल तर फाइलींची नावे वेगळी असतील, बाकी विचार तोच. फाइलींची आणि आज्ञांची नावे मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितो आहे. डिस्कवर ती अर्थातच रोमन अक्षरांत सापडतील.

आधी लाइन पक्की करा

पाच मिनिटांत कटणाऱ्या लाइनवर सजावट करून काही उपयोग नाही. मोडेम खरा हार्डवेअर मोडेम हवा. सिरियल पोर्टला जोडायचा जुना बाहेरचा मोडेम सगळ्यात बरा. यूएसबीचा घ्यायचा असेल तर ज्याच्या पोटात स्वतःचा कंट्रोलर आहे असाच घ्या. अर्धे काम विंडोजच्या ड्रायव्हरवर ढकलणारे 'विनमोडेम' कितीही स्वस्त मिळाले तरी घेऊ नका.

सुरुवातीच्या आज्ञांमध्ये दोन गोष्टींवर तडजोड करू नका. 'एटी अँपरसँड सी १' दिल्यावर मोडेम समोरची लाइन खरोखर जोडलेली आहे की नाही ते संगणकाला प्रामाणिकपणे सांगतो. 'अँपरसँड डी २' दिल्यावर संगणकाने डीटीआर ('मी तयार आहे' हा) सिग्नल खाली घेताच मोडेम फोन ठेवतो. यांतले एक जरी चुकले तरी एखाद्याची लाइन मध्येच तुटली की पुढचा कॉलर थेट आधीच्या माणसाच्या खात्यात जाऊन पोचतो. शिवाय 'एस शून्य बरोबर शून्य' ठेवा, म्हणजे मोडेम आपणहून फोन उचलणार नाही, सॉफ्टवेअर सांगेल तेव्हाच उचलेल. नाहीतर बीबीएस बंद पडलेला असतानाही मोडेम फोन उचलतो आणि बिचारा कॉलर काळ्या पडद्याकडे बघत बसतो. सिरियल पोर्टचा वेग ३८४०० किंवा त्याहून जास्त ठेवून कायम करा आणि फ्लो कंट्रोल (माहितीचा लोंढा आवरण्याची सोय) हार्डवेअरचाच ठेवा. त्याची आज्ञा कंपनीगणिक बदलते, ती मोडेमच्या पुस्तिकेत पाहा.

सिंक्रोनेट मुळात टेलनेटवर, म्हणजे नेटवर्कवरून येणाऱ्या साध्या मजकुराच्या जोडणीवर, ऐकते. मोडेमवर आलेला कॉल उचलून त्या टेलनेटपर्यंत पोचवणारा छोटा प्रोग्रॅम त्याच प्रकल्पात मिळतो. त्याचे नाव सेक्सपॉट्स. नाव चावट आहे, काम अगदी सरळ आहे. त्याच्या आयएनआय (सेटिंगच्या) फाइलमध्ये पोर्टचे नाव, मोडेमच्या सुरुवातीच्या आज्ञा आणि टेलनेटचा पत्ता भरायचा. बोर्ड फक्त फोनवरच ठेवायचा असेल तर टेलनेट सर्व्हर १२७.०.०.१ या, म्हणजे त्याच संगणकाच्या, पत्त्यालाच बांधा. मग बाहेरच्या इंटरनेटवरून दार ठोठावणारे स्वयंचलित प्रोग्रॅम तुमच्यापर्यंत पोचणारच नाहीत.

आता फोनच्या लाइनबद्दल. तांब्याची तार असेल तर दोन घरगुती मोडेम एकमेकांशी जास्तीत जास्त ३३.६ किलोबिटने बोलतात. ५६ किलोबिटसाठी एका टोकाला डिजिटल लाइन लागते, तेव्हा त्या आकड्याच्या मागे लागू नका. आपल्याकडे आता बऱ्याच घरांत फोन फायबरच्या डब्यातून येतो. तिथे आवाज पॅकेटांतून जातो आणि एखादे पॅकेट उशिरा आले तरी मोडेम गोंधळतो. अशा लाइनवर वेग मुद्दाम ९६०० किंवा २४०० वर बांधून ठेवा. डब्याची सेटिंग हाती असतील तर कोडेक (आवाजाचे आकडे करण्याची पद्धत) जी.७११ निवडा आणि शांततेत आवाज पाठवणे थांबवणारी सोय बंद करा. कॉल वेटिंग तर कुठल्याही लाइनवर बंदच हवे, कारण तिसऱ्याच कुणाच्या कॉलची एक 'टुक' चालू जोडणी तोडू शकते. मोडेमचे 'एस १०' रजिस्टर थोडे वाढवले तर क्षणभराचा खंड तो सहन करतो.

प्रयोगासाठी दरवेळी खरा कॉल लावायची गरज नाही. दोन फोन पोर्ट असलेला एटीए अडॅप्टर (साधा फोन नेटवर्कला जोडणारा डबा) घ्या, एका पोर्टला बोर्डाचा मोडेम आणि दुसऱ्याला कॉलरचा मोडेम जोडा, आणि एकाने दुसऱ्याला फोन लावायचा. अडॅप्टरचा डायल टोन मोडेमला ओळखता आला नाही तर 'एटी एक्स ३' द्या. मग तो टोनची वाट न बघता नंबर फिरवतो.

सेकंदांचा हिशेब

२४०० बिटांच्या मोडेमवर एका अक्षराला सुरुवातीचा आणि शेवटचा बिट धरून १० बिट लागतात, म्हणजे सेकंदाला २४० अक्षरे. ८० स्तंभ आणि २५ ओळींचा पूर्ण पडदा २००० अक्षरांचा. तो भरायला साधारण ८ सेकंद लागतात, तेही एकही रंग न वापरता. ३०० बिटांवर त्याच पडद्याला एक मिनिटाहून जास्त वेळ लागतो. १४४०० वर दीड सेकंदाच्या आत काम होते.

रंग फुकट नसतात. निळ्या पार्श्वभूमीवर ठळक पिवळे अक्षर हवे असेल तर एस्केप, चौकोनी कंस, १, अर्धविराम, ३३, अर्धविराम, ४४ आणि शेवटी लहान एम, असे १० बाइट जातात आणि त्यानंतर ते एक अक्षर. प्रत्येक घरात रंग बदलणारे चित्र काढले तर ते २२००० बाइटांच्या घरात जाते आणि २४०० वर दीड मिनिट घेते. एवढ्या वेळात कॉलर फोन ठेवून चहा टाकायला जातो.

मी दोन मर्यादा पाळतो. बोर्डाचे नाव पहिल्या ७२० बाइटांत, म्हणजे ३ सेकंदांत दिसले पाहिजे. आणि जोडणी झाल्यापासून 'नाव सांगा' या प्रश्नापर्यंत ४००० बाइटांच्या वर काही जाता कामा नये. तुमचे सगळे कॉलर १४४०० वर येत असतील तर हा आकडा वाढवा, पण तो ठरवून आणि लिहून ठेवा. पुढची बरीच भांडणे त्यानेच मिटतात.

बोर्ड कशाचा, ते एका वाक्यात

पहिला बीबीएस वॉर्ड ख्रिस्टेन्सन आणि रँडी सूस यांनी १६ फेब्रुवारी १९७८ रोजी शिकागोत सुरू केला. त्यांच्या संगणक क्लबच्या फळ्यावर चिठ्ठ्या लावण्याचे काम फोनवरून व्हावे, एवढाच हेतू. विस्कॉन्सिनमधल्या बॉब महोनी यांच्या एक्झेक-पीसीची ओळख म्हणजे फाइलींचे अवाढव्य भांडार. न्यूयॉर्कमध्ये स्टेसी हॉर्न यांनी १९९० मध्ये उभ्या केलेल्या एकोची ओळख म्हणजे रात्ररात्र चालणाऱ्या गप्पा. आपल्याकडे मुंबईत लाइव्ह वायर होता, बंगळूरला अतुल चिटणीस यांचा सीआयएक्स. यांतला कुठलाही बोर्ड स्वागतचित्रासाठी लक्षात राहिलेला नाही.

तेव्हा तुमचा बोर्ड कशासाठी आहे ते एका वाक्यात लिहा. 'रेट्रो संगणकांबद्दल सगळे काही' हे वाक्य फारच ढगळ आहे. 'झेडएक्स स्पेक्ट्रम आणि त्याच्या भारतीय भावंडांची दुरुस्ती' म्हटले की मेन्यूत काय हवे आणि काय नको ते लगेच कळते. नाव छोटे निवडा. ऑफलाइन टपालाच्या क्यूडब्ल्यूके पाकिटासाठी (संदेश एकत्र उतरवून फोन ठेवून वाचायची फाइल) जास्तीत जास्त ८ अक्षरांची ओळख लागते, नाव त्यात सहज बसले तर बरे.

छोटी वाक्ये: खरे काम इथे आहे

सिंक्रोनेट कॉलरशी जे काही बोलते ते 'कंट्रोल' फोल्डरमधल्या 'टेक्स्ट.डॅट' या फाइलीत एकाखाली एक लिहिलेले असते. शेकडो वाक्ये आहेत आणि प्रत्येकाला क्रमांक व नाव आहे. मूळ फाइल थेट बदलू नका, कारण नव्या आवृत्तीत मधे नवी वाक्ये येतात आणि क्रम हलतो. अलीकडच्या आवृत्त्यांत शेजारी 'टेक्स्ट.आयएनआय' ठेवता येते. तिच्यात वाक्याचे नाव आणि तुमचा मजकूर एवढेच लिहायचे. बाकीची वाक्ये मूळ फाइलीतून येत राहतात.

सगळी वाक्ये बदलायला बसलात तर दहाव्या वाक्याला कंटाळा येईल. आधी स्वतः कॉलर होऊन अर्धा तास बोर्डावर फिरा आणि टर्मिनलची (बोर्डाशी जोडणाऱ्या प्रोग्रॅमची) 'कॅप्चर' सोय, म्हणजे पडद्यावर येणारे सगळे फाइलीत टिपणारी, चालू ठेवा. नंतर त्या फाइलीत कुठले वाक्य किती वेळा आले ते मोजा. थांबण्याची ओळ, संदेश वाचतानाचा प्रॉम्प्ट (कॉलरच्या आज्ञेची वाट पाहणारी ओळ), यादीतून निवडायचा प्रश्न, 'शोधत आहे' आणि चुकीच्या कळेवरचा शेरा ही पाच-सहा वाक्ये यादीच्या डोक्यावर दिसतील. ती आधी घ्या.

लिहिताना एका माणसाचा आवाज ठेवा. दुरुस्तीच्या बोर्डावर थांबण्याची ओळ 'कळ दाबा, पुढचे पान तापते आहे' अशी असेल तर पहिल्या दिवशी हसू येते आणि चौथ्या दिवशी चीड येते. रोज दिसणारे वाक्य विनोदी नको, नेमके आणि थोडे तिरकस चालेल. विनोद हवाच असेल तर तो क्वचित दिसणाऱ्या वाक्यांत घाला: पासवर्ड तिसऱ्यांदा चुकला, वेळ संपली, डाउनलोड करायला काहीच निवडलेले नाही. तिथे तो ताजा राहतो. 'अवैध निवड' असले सरकारी मराठी टाळा. माणूस बोलताना 'हे काही कळलं नाही' असेच म्हणतो.

वाक्यात टक्क्याच्या चिन्हापुढे एस किंवा डी दिसेल. त्या जागी सॉफ्टवेअर नाव किंवा आकडा भरते. या खुणा गाळायच्या नाहीत आणि त्यांचा क्रमही बदलायचा नाही, कारण नावाच्या जागी आकडा गेला तर सत्र कोसळू शकते. मराठीत लिहिणाऱ्याला हे नक्की नडते. 'पाचवा, एकूण वीसपैकी' असा क्रम इंग्रजीत असतो आणि आपण 'वीसपैकी पाचवा' म्हणतो. आकडे उलटवता येत नाहीत, मग वाक्यच वेगळे बांधा: 'संदेश ५, एकूण २०'. क्रियापद मागे नेऊन बहुतेक वेळा सुटका होते.

रंगांसाठी एस्केपच्या लांबलचक मालिका लिहू नका. सिंक्रोनेटची स्वतःची 'कंट्रोल-ए' पद्धत आहे. या फाइलींत ती बॅकस्लॅश आणि १ अशी लिहितात आणि पुढे एकच अक्षर येते: एच म्हणजे ठळक, एन म्हणजे साधे, वाय पिवळे, सी फिकट निळसर. रंग न दिसणाऱ्या टर्मिनलवरून कुणी आला तर सिंक्रोनेट हे संकेत आपोआप गाळते. पूर्ण बोर्डाला दोनच रंग ठरवा, एक बोर्ड बोलतो त्याचा आणि एक कॉलरला टाइप करायचे असते त्याचा. तिसरा रंग इशाऱ्यासाठी राखून ठेवा. लुकलुकणारी अक्षरे मला अजिबात खपत नाहीत. तुम्हाला आवडत असतील तर 'नवे टपाल आले आहे' एवढ्याच ओळीला द्या.

कॉलरचे नाव, नोड (बोर्डावरची त्याची जागा), मागची भेट, उरलेली मिनिटे अशा गोष्टी अ‍ॅट चिन्हांच्या जोडीत शब्द लिहून मजकुरात घालता येतात. नावाचा वापर जपून करा. दर ओळीला नाव घेऊन हाक मारणारा बोर्ड विमा एजंटासारखा वाटू लागतो.

आता चित्र

आन्सी चित्रासाठी, म्हणजे अक्षरे, ठोकळे आणि रंगांच्या संकेतांतून काढलेल्या चित्रासाठी, पॅब्लोड्रॉ किंवा मोबियस ही आजच्या संगणकांवर चालणारी साधने आहेत. जुन्या चवीचा आग्रह असेल तर १९८० च्या दशकातला दड्रॉ डॉसबॉक्समध्ये (डॉसची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) चालतो. कुठलेही घ्या, चार नियम पाळा.

८० वा स्तंभ रिकामा सोडा. त्यात अक्षर आले की काही टर्मिनले लगेच खालच्या ओळीवर जातात, काही जात नाहीत, आणि चित्र एकेका ओळीने घसरते. उंची २३ ओळींपर्यंत ठेवा, कारण शेवटची ओळ बहुधा टर्मिनलच्या स्थितिपट्टीने व्यापलेली असते. सलग रिकाम्या जागेसाठी मोकळी अक्षरे न पाठवता कर्सर उजवीकडे सरकवा. एस्केप, कंस, आकडा आणि मोठा सी एवढ्यात तीस-चाळीस घरे पार होतात. आणि फाइल जतन करताना सॉस नोंद काढून टाका. चित्रकाराचे नाव, तारीख वगैरे असलेली ही १२८ बाइटांची शेपटी एसिड या चित्रकार गटाने रूढ केली. संग्रहासाठी ती चांगली, पण एखाद्या सॉफ्टवेअरने ती गाळली नाही तर चित्राखाली कचरा उमटतो.

मंद लाइनची एक गंमत मात्र हातची सोडू नका. इथे चित्र एकदम समोर येत नाही, ते कॉलरच्या डोळ्यांदेखत रेखाटले जाते. म्हणजे कुठला भाग आधी उमटावा हे तुमच्या हातात आहे. कर्सर हवा तिथे नेण्याचे संकेत वापरून आधी मधोमध बोर्डाचे नाव काढा, मग त्याभोवती चौकट, मग कोपऱ्यातले सोल्डरिंग गन. वरून खाली सरळ रेषेत उमटणारे चित्र आणि अशा क्रमाने उलगडणारे चित्र यांचे बाइट सारखेच असू शकतात, परिणाम मात्र वेगळा होतो. १४४०० वर हे लक्षातही येणार नाही. २४०० वर येणारा कॉलर त्यासाठीच पुन्हा येईल.

दुसऱ्याचे चित्र उचलून त्यावरची आद्याक्षरे खोडणे हा या जगातला सर्वांत जुना गुन्हा. सिक्स्टीन कलर्स या संग्रहात हजारो चित्रे आहेत, ती पाहून शिका. लावायचे तर चित्रकाराला विचारा आणि त्याची सही राहू द्या.

फाइल कुठे ठेवायची? जोडणी होताच, नाव विचारण्याआधी दिसते ती 'टेक्स्ट' फोल्डरमधली 'आन्सर' नावाची फाइल. मेन्यू 'टेक्स्ट' खालच्या 'मेन्यू' फोल्डरमध्ये राहतात. एकाच नावाची एक फाइल आन्सी रंगांची आणि दुसरी साध्या मजकुराची ठेवली तर कॉलरचे टर्मिनल बघून सिंक्रोनेट योग्य ती दाखवते. साधी प्रत विसरू नका.

देवनागरीचे काय?

मराठी सिसॉपला हा प्रश्न पडणारच. आयबीएम पीसीच्या ४३७ क्रमांकाच्या कोडपेजमध्ये (चिन्हांना आकडे देणाऱ्या तक्त्यात) २५६ चिन्हे आहेत, देवनागरी नाही. इस्की या भारतीय प्रमाणाने देवनागरीला १६१ पासून २५० पर्यंतच्या जागा दिल्या. पुण्याच्या सी-डॅकचे जिस्ट कार्ड लावले की डॉसच्या साध्या पडद्यावर भारतीय लिप्या दिसत. पण आन्सी चित्रांचे सगळे ठोकळे आणि चौकटी १७६ ते २२३ याच जागांवर बसलेल्या आहेत. एका पडद्यावर दोन्ही एकत्र मावत नाहीत: एक तर चौकट, नाहीतर मजकूर.

आज सिंक्रोनेटला युनिकोडचे यूटीएफ-८ टर्मिनल ओळखता येते. तरी जुन्या मशिनवरून डायल करणाऱ्याला देवनागरी मिळणार नाही आणि नव्या टर्मिनलवरही जोडाक्षरे नि मात्रा स्तंभांचा हिशेब बिघडवतात. 'क्ष्मी' किती घरे घेते यावर दोन टर्मिनलांचे एकमत होत नाही. म्हणून देवनागरी मजकूर ठेवायचा तर मोकळ्या ओळींत ठेवा. त्याला उजवी चौकट नको, तक्ता नको, आणि प्रॉम्प्टच्या ओळीत तर मुळीच नको. प्रॉम्प्टसाठी रोमन अक्षरांतले मराठी चालते. एसएमएसच्या काळात आपण सगळ्यांनी तेच तर केले.

पण एक वाट सगळ्यांना चालते आणि ती फारशी कुणी धरलेली नाही. बोर्डाचे नाव ठोकळ्यांनी देवनागरीत चितारा. वरचा अर्धा आणि खालचा अर्धा अशी दोन ठोकळा-चिन्हे वापरली की ८० बाय २५ च्या पडद्यावर ८० बाय ५० चे जाळे मिळते. देवनागरी या जाळ्यावर सुरेख बसते, कारण शिरोरेघ म्हणजे वरच्या अर्ध्या ठोकळ्यांची एक सलग ओळ. अक्षराला साधारण १० स्तंभ धरा, म्हणजे सहा-सात अक्षरांचे नाव आरामात मावते. उंचीत शिरोरेघेखालच्या अंगाला पाच ओळी, वर वेलांटी-मात्रांना दोन आणि खाली उकारांना दोन. उभा दंड दोन स्तंभ जाड ठेवा, एका स्तंभाचा केविलवाणा दिसतो. 'र', 'स', 'ख' यांचे तिरके पाय अर्ध्या ठोकळ्यांच्या पायऱ्यांनी काढा. हे सगळे एकाच रंगात ठेवलेत तर नऊ ओळी म्हणजे फार तर ७२० घरे, आणि तीन सेकंदांची मर्यादा बरोबर पाळली जाते. शिरोरेघ सगळ्यात शेवटी, डावीकडून उजवीकडे उमटू द्या. पाटीवर हाताने लिहिताना आपण तसेच करतो.

मेन्यू आणि कळा

वेगळेपणाच्या हौसेत कळा बदलू नका. जी म्हणजे निरोप, एम संदेश, एफ फाइली ही सवय लोकांच्या बोटांत मुरलेली असते. वेगळेपणा मेन्यूत काय ठेवले आणि काय काढले यातून दिसू द्या. सिंक्रोनेटचा मूळ शेल, म्हणजे मेन्यू आणि कळा चालवणारा भाग, सगळे काही देतो. चार कॉलरांच्या बोर्डाला त्यातले निम्मे लागत नाही.

शेलची जावास्क्रिप्ट फाइल 'एक्झेक' मधून 'मॉड्स' फोल्डरमध्ये नव्या नावाने उतरवा, तिथे बदला आणि एससीएफजी या सेटअप प्रोग्रॅममध्ये 'कमांड शेल' खाली तिची नोंद करा. 'एक्झेक' मधली मूळ फाइल बदललीत तर पुढच्या अपग्रेडमध्ये तुमचे काम पुसले जाईल. 'मॉड्स' ला अपग्रेड हात लावत नाही आणि एकाच नावाच्या दोन फाइली असल्या तर सिंक्रोनेट 'मॉड्स' मधलीच उचलते.

मुख्य मेन्यू दहा ओळींत बसवा. रुळलेला कॉलर तज्ज्ञ मोड लावून मेन्यू बंदच करतो. त्याला फक्त प्रॉम्प्ट दिसतो, म्हणून प्रॉम्प्टमध्येच विभागाचे नाव आणि उरलेला वेळ येऊ द्या. नव्या सदस्याला विचारायच्या प्रश्नांपैकी ज्याचे उत्तर तुम्ही कधी वाचणार नाही तो प्रश्न एससीएफजीमध्ये बंद करा: पत्ता, जन्मतारीख वगैरे. त्याऐवजी तुमच्या विषयाचा एकच प्रश्न ठेवा, 'सध्या टेबलावर कुठले मशीन उघडून पडले आहे?' असा. ते उत्तर वाचून सिसॉपने स्वतः लिहिलेले पहिले पत्र आपोआप निघणाऱ्या स्वागतपत्रापेक्षा कितीतरी मोलाचे.

निरोपाचा पडदा दोन ओळींचा पुरे. जी दाबून माणूस उठलेला असतो.

खेळ

डोअर म्हणजे बीबीएसमधून उघडणारे बाहेरचे प्रोग्रॅम, बहुधा खेळ. यादीत वीस डोअर ठेवले की एकातही गर्दी होत नाही. दोन ठेवा. सेथ एबल रॉबिन्सन यांचा १९८९ चा 'लीजंड ऑफ द रेड ड्रॅगन' जवळजवळ सगळीकडे असतो, तरी तो तुमच्यापुरता वेगळा करता येतो. त्यात आयजीएम नावाचे जोडभाग लागतात, म्हणजे गावात नवी जागा, नवी पात्रे, नवे संवाद. तुमच्या बोर्डाच्या विषयाचे एखादे दुकान तिथे उघडले की तोच खेळ दुसऱ्या कुठल्या बोर्डावर तसा सापडत नाही. डॉसचे डोअर लिनक्सवर चालवायला डॉसइमू हा डॉसची नक्कल करणारा प्रोग्रॅम लागतो.

'ट्रेडवॉर्स २००२' ठेवणार असाल तर त्याचे विश्व लहान ठेवा. हा खेळ सुरू करताना 'बिग बँग' नावाचा प्रोग्रॅम विश्व रचतो आणि सेक्टरांची (विश्वातल्या जागांची) संख्या तुम्ही सांगता. पाच खेळाडूंना अफाट विश्व दिले तर ते एकमेकांना भेटतच नाहीत आणि खेळ ओस पडतो. एकच लाइन असेल तर रोजच्या चालींवरही मर्यादा घाला, नाहीतर एकाच माणसामुळे संध्याकाळभर नंबर एंगेज लागेल.

संदेशांच्या खोल्या आणि टपाल

स्थानिक विभाग तीनच ठेवा. रिकामी खोली दिसली की पाहुणा परत फिरतो. बाहेरच्या गप्पांसाठी डोव्ह-नेट हे सिंक्रोनेटचे स्वतःचे जाळे सर्वात सोपे. टॉम जेनिंग्ज यांनी १९८४ मध्ये सुरू केलेले फिडोनेटही अजून चालू आहे, पण त्याची मांडणी जास्त वेळ खाते. बाहेरचे विभाग स्थानिक विभागांच्या खाली, वेगळ्या गटात ठेवा, नाहीतर तुमच्या चार माणसांचे बोलणे बाहेरच्या गर्दीत हरवेल.

मिनिटाला पैसे मोजून येणाऱ्यासाठी क्यूडब्ल्यूके चालू ठेवा. तो पाकीट उतरवून फोन ठेवतो, निवांत वाचतो, उत्तरे लिहितो आणि पुढच्या कॉलला पाठवतो. पाकिटात एक स्वागताची आणि एक बातम्यांची फाइल घालता येते. बहुतेक सिसॉप त्या विसरतात. पाकीटवाला तुमचे मेन्यू कधीच पाहत नाही, त्याला तुमच्या बोर्डाचा चेहरा या दोन फाइलींतूनच दिसतो. बातम्यांची फाइल दर आठवड्याला ताजी करा आणि खाली सिसॉप म्हणून आपले नाव घाला.

सिसॉपला हाक मारायची सोय ठेवणार असाल तर तास ठरवा आणि त्या तासांत खरोखर जागेवर असा. बाकीच्या वेळी हाकेला 'आता नाही, रात्री ९ नंतर' असे उत्तर जाऊ द्या. वाजत राहणाऱ्या घंटेपेक्षा ते बरे.

तपासणी

सिंकटर्म या टर्मिनल प्रोग्रॅममध्ये प्रत्येक नोंदीला वेग बांधता येतो. तिथे २४०० निवडून घरच्या घरी टेलनेटने जोडा, म्हणजे मोडेमला हात न लावता मंद लाइन अनुभवता येईल. जोडणीपासून पहिल्या प्रॉम्प्टपर्यंत, प्रॉम्प्टपासून मुख्य मेन्यूपर्यंत आणि मुख्य मेन्यूपासून पहिल्या न वाचलेल्या संदेशापर्यंत घड्याळ लावा. शेवटचा टप्पा सगळ्यात महत्त्वाचा; त्यात आड येणारे प्रत्येक पान काढता येते का ते पाहा. नंतर रंग बंद करून, साध्या मजकुराच्या टर्मिनलवरून तोच फेरा पुन्हा मारा.

ही चाचणी खऱ्या मोडेमची जागा घेत नाही. फोन मध्येच उपटून पाहा, फाइल उतरवताना लाइन तोडून पाहा, आणि प्रत्येक वेळी नोड मोकळा होऊन मोडेम पुढच्या कॉलला तयार होतो का ते लॉगमध्ये बघा. महिन्याभराने त्याच लॉगमधून कुठली कळ कुणी एकदाही दाबली नाही ते शोधा आणि ती मेन्यूतून काढा.

'मॉड्स', 'टेक्स्ट' आणि 'कंट्रोल' हे तीन फोल्डर गिटमध्ये (बदलांची नोंद ठेवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) किंवा निदान दुसऱ्या डिस्कवर उतरवून ठेवा. तुमच्या बोर्डाचे वेगळेपण जवळजवळ सगळे त्यांतच आहे. सदस्य आणि संदेश 'डेटा' फोल्डरमध्ये असतात, त्याची प्रत रोज रात्री आपोआप निघेल असे एससीएफजीच्या वेळापत्रकात लावा. आणि दर अपग्रेडनंतरचा पहिला कॉल स्वतः करा, २४०० वर.